विश्लेषण : ऑफिसच्या फाइल सर्व्हरवर आहेत, पण बॅकअप आहे का?

देहू, तळवडे, चिखली, चाकण या पट्ट्यातील लहान कारखान्यांत ड्रॉइंगपासून टॅलीपर्यंत सगळेच आता कॉम्प्युटरवर असते. या सगळ्या फाइल एका मध्यवर्ती सर्व्हरवर जमा करणे ही चांगली सुरुवात आहे. पण तेवढ्यावर निर्धास्त राहिलेल्यांना जगभर मोठी किंमत मोजावी लागली आहे. नेमके चुकते कुठे आणि योग्य पद्धत कोणती, याविषयी…

शुक्रवारची सकाळ. पिंपरी-चिंचवडच्या औद्योगिक पट्ट्यात साप्ताहिक सुट्टी गुरुवारी, त्यामुळे इथला कामाचा आठवडा शुक्रवारी सुरू होतो. समजा, देहू-तळवडे रस्त्यालगतच्या वीस जणांच्या एका वर्कशॉपमध्ये पहिल्या शिफ्टचा ऑपरेटर सीएनसी मशीन सुरू करतो आणि नव्या जॉबचा प्रोग्रॅम मागवतो. ऑफिसमध्ये डिझाइनच्या कॉम्प्युटरवर फोल्डर उघडला जातो. फाइल दिसतात, पण प्रत्येक नावाच्या शेवटी एक अनोळखी शेपटी लागलेली असते. एकही फाइल उघडत नाही. शेजारी एक छोटी टेक्स्ट फाइल असते, तिच्यात पैसे कुठे आणि किती पाठवायचे ते लिहिलेले असते.

‘घाबरू नका, सगळे सर्व्हरवर आहे,’ असे कोणीतरी म्हणतो. सर्व्हर उघडला जातो. तिथल्या फाइलनाही तीच शेपटी असते.

हे वर्कशॉप काल्पनिक आहे. हा प्रकार मात्र काल्पनिक नाही.

या परिसरात असे घडले आहे का?

हो. फेब्रुवारी २०२१च्या अखेरीस पिंपरी-चिंचवड स्मार्ट सिटी प्रकल्पाच्या सर्व्हरवर रॅन्समवेअरचा हल्ला झाला. निगडी पोलिसांकडे तक्रार गेली, तेव्हा २७ सर्व्हर बाधित झाल्याचे आणि सुमारे पाच कोटी रुपयांचे नुकसान झाल्याचे प्रकल्पाचे काम पाहणाऱ्या कंपनीने सांगितले. हल्लेखोरांनी माहिती कुलूपबंद करून ती सोडवण्यासाठी बिटकॉइनमध्ये खंडणी मागितली होती.

त्याआधी जून २०१७मध्ये ‘नॉटपेट्या’ नावाचा घातक प्रोग्रॅम युक्रेनमधील एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून जगभर पसरला. ‘मर्स्क’ ही जहाज कंपनी त्यात सापडली. तिच्या समूहाकडून चालवल्या जाणाऱ्या, न्हावाशेवा येथील जेएनपीटी बंदरातल्या टर्मिनलचे कामही त्यामुळे ठप्प झाले. चाकणमधून परदेशी जाणारा माल याच बंदराच्या वाटेने जातो. युक्रेनच्या एका सॉफ्टवेअरमधली गडबड रायगड जिल्ह्यातल्या कंटेनरच्या रांगेपर्यंत पोहोचली, ती अशी.

‘मर्स्क’ची पुढची कहाणी बॅकअपच्या दृष्टीने जास्त महत्त्वाची आहे. तिच्या संपूर्ण नेटवर्कचा कणा असलेले सुमारे दीडशे सर्व्हर एकमेकांशी जोडलेले होते. एकावर झालेला बदल बाकीच्यांवर आपोआप जायचा. एखादा बंद पडला तर दुसरा आहेच, असा त्यामागचा विचार होता. सगळेच एकाच वेळी पुसले जातील, हे कोणी धरलेच नव्हते. अखेर घाना देशातल्या कार्यालयातला एक सर्व्हर शाबूत सापडला. हल्ल्याच्या वेळी तिथे लाइट गेलेली होती, म्हणून तो नेटवर्कपासून तुटलेला होता. तिथले इंटरनेट इतके संथ होते की ती माहिती हार्ड डिस्कवर घेऊन माणसांकरवी विमानाने इंग्लंडला न्यावी लागली. त्यानंतर कंपनीने चार हजार सर्व्हर आणि ४५ हजार कॉम्प्युटर दहा दिवसांत नव्याने उभे केले. नुकसान २५ ते ३० कोटी डॉलरच्या घरात गेले. एवढी मोठी कंपनी वाचली ती लाइट गेल्यामुळे, म्हणजे केवळ योगायोगाने.

लहान कारखान्याच्या कॉम्प्युटरमध्ये असे काय असते?

‘आमच्याकडे चोरण्यासारखे काय आहे?’ असा प्रश्न अनेक उद्योजक विचारतात. पण रॅन्समवेअरवाल्याला तुमच्या फाइल कुठे विकायच्या नसतात. त्या तुम्हाला हव्या असतात, एवढेच त्याला पुरते.

वाहन उद्योगाला सुटे भाग पुरवणाऱ्या वर्कशॉपचे उदाहरण घ्या. डिझाइनच्या कॉम्प्युटरवर ग्राहकाने पाठवलेली ड्रॉइंग असतात आणि प्रत्येक ड्रॉइंगची दुसरी, तिसरी, चौथी सुधारित आवृत्ती असते. मशीनचे प्रोग्रॅम असतात. त्यातले फीड, स्पीड आणि टूलचे आकडे अनेक जॉब वाया घालवून बसवलेले असतात. ग्राहकच्या ड्रॉइंगची प्रत पुन्हा मागवता येते, हे आकडे मात्र कुठूनच मिळत नाहीत. गुणवत्ता विभागाकडे तपासणीचे अहवाल असतात. अकाउंट्सच्या कॉम्प्युटरवर टॅली, जीएसटीची बिले, पगारपत्रक आणि भविष्य निर्वाह निधीच्या नोंदी असतात.

हे सगळे जाण्यासाठी हल्लाच व्हावा लागतो असे नाही. हार्ड डिस्क मरतात. ‘बॅकब्लेझ’ ही अमेरिकी कंपनी आपल्या लाखो डिस्कचे आकडे नियमित प्रसिद्ध करते. त्यानुसार वर्षाला शंभरातल्या साधारण एक ते दीड डिस्क निकामी होतात. वीस कॉम्प्युटर असलेल्या ऑफिसने हाच दर पाच वर्षांसाठी धरला, तर एखादी डिस्क जाणार हे जवळपास गृहीत धरावे लागते. शिवाय तो आकडा थंडगार, धूळ नसलेल्या डेटा सेंटरमधला आहे. ग्राइंडिंगची धूळ आणि कमी-जास्त होणारे व्होल्टेज सोसणाऱ्या डिस्ककडून त्याहून अधिक अपेक्षा ठेवता येत नाही.

आणि सगळ्यात साधे कारण माणसाचे. चुकून दाबलेले डिलीट, जुन्या ड्रॉइंगवरच केलेले ‘सेव्ह’, नोकरी सोडून जाताना साफ केलेला कॉम्प्युटर. अशा वेळी बातमी होत नाही, नुकसान मात्र तेवढेच होते.

फाइल सर्व्हरवर ठेवल्या म्हणजे बॅकअप झाला का?

नाही, आणि सगळ्यात मोठा गैरसमज इथेच आहे.

फाइल कॉम्प्युटरऐवजी सर्व्हरवर ठेवली तर तिची जागा बदलली, संख्या नाही. आधी एकच प्रत होती, आताही एकच आहे. फायदा इतकाच की वीस ठिकाणी विखुरलेले काम एका जागी आले, त्यामुळे त्याची प्रत काढणे सोपे झाले. ती प्रत काढलीच नाही, तर वीस कॉम्प्युटरचा धोका एका डब्यात गोळा झाला, असे होते.

दक्षिण कोरियाने याचा धडा सप्टेंबर २०२५मध्ये घेतला. तिथल्या सरकारने अधिकाऱ्यांच्या कामाच्या फाइल ठेवण्यासाठी ‘जी-ड्राइव्ह’ नावाची मध्यवर्ती व्यवस्था केली होती. काही खात्यांत तर फाइल ऑफिसच्या कॉम्प्युटरवर न ठेवता तिथेच ठेवायच्या, असा दंडक होता. २६ सप्टेंबरला डेजॉन शहरातील सरकारी डेटा सेंटरमध्ये लिथियम बॅटऱ्या हलवण्याच्या कामादरम्यान आग लागली आणि जी-ड्राइव्ह जळून गेली. तिच्यात ८५८ टेराबाइट माहिती होती. साठा फार मोठा असल्याने त्याची बाहेर कुठेही प्रत ठेवलेली नव्हती. जगातल्या सर्वांत प्रगत डिजिटल सरकारांपैकी एकाच्या अधिकाऱ्यांची वर्षानुवर्षांची कामे एका रात्रीत गेली. ज्यांनी नियम काटेकोर पाळला, त्यांचेच सर्वाधिक नुकसान झाले.

याच गैरसमजाची आणखी तीन रूपे ऑफिसांत दिसतात.

पहिले, ‘सर्व्हरला रेड आहे.’ रेड म्हणजे दोन किंवा अधिक डिस्कवर एकाच वेळी लिहिण्याची सोय. एक डिस्क मेली तरी काम थांबत नाही, हा तिचा खरा उपयोग. पण फाइल डिलीट केली की ती दोन्ही डिस्कवरून त्याच क्षणी जाते. व्हायरसने कुलूप लावले तर ते दोन्हीकडे लागते.

दुसरे, ‘गुगल ड्राइव्हला सिंक आहे.’ सिंक म्हणजे आरसा. इकडे बिघडले की तिकडेही बिघडते. जुन्या आवृत्त्या आणि कचरापेटी काही दिवस मिळते, पण मर्यादित. गुगल ड्राइव्हच्या कचरापेटीतली फाइल ३० दिवसांनी कायमची जाते. वर्षअखेरीस ऑडिटरने विचारलेली, मे महिन्यात डिलीट झालेली फाइल तिथे सापडत नाही.

तिसरे, ‘रोज रात्री कॉपी होते.’ विंडोजमध्ये ‘रोबोकॉपी’ नावाची सोय आधीपासूनच असते आणि अनेक ठिकाणी हार्डवेअरवाला तीच लावून देतो. तिचा ‘मिरर’ पर्याय वापरला असेल तर मूळ जागी नसलेल्या फाइल ती प्रतीमधूनही काढून टाकते. म्हणजे संध्याकाळी चुकून उडालेला फोल्डर रात्री बॅकअपमधूनही उडतो, तोही आपोआप.

मग बॅकअप कशाला म्हणायचे?

सोपी कसोटी अशी : मूळ फाइल बिघडली, हरवली किंवा जळाली तरी ज्या प्रतीला काही होत नाही आणि जिच्यातून कालची, गेल्या आठवड्याची, गेल्या महिन्याची अवस्था परत आणता येते, तो बॅकअप.

त्यासाठी जगभर ‘३-२-१’ हा नियम वापरला जातो. पीटर क्रोग या अमेरिकी छायाचित्रकाराने डिजिटल फोटो सांभाळण्याविषयीच्या आपल्या पुस्तकातून तो लोकप्रिय केला. माहितीच्या एकूण तीन प्रती असाव्यात, त्या दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर असाव्यात आणि त्यातली एक दुसऱ्या जागी असावी. कॉम्प्युटरवरची मूळ फाइल ही पहिली प्रत, ऑफिसातल्या बॅकअप सर्व्हरवरची दुसरी आणि ऑफिसबाहेरची तिसरी.

देहूच्या वाचकांना हा विचार नवा वाटू नये. तुकाराम महाराजांच्या अभंगांच्या वह्या इंद्रायणीत बुडवल्या गेल्या आणि तेरा दिवसांनी त्या कोरड्या वर आल्या, ही वारकरी परंपरेतील श्रद्धा सर्वांना ठाऊक आहे. त्याच परंपरेत हेही सांगितले जाते की अभंग लोकांना मुखोद्गत होते आणि जवळच्याच सुदुंबऱ्याचे संताजी जगनाडे महाराज ते लिहून घेत असत. एकाच गावात, एकाच वहीत न राहता शब्द अनेक माणसांकडे आणि अनेक ठिकाणी होते. पुढे १८६९ ते १८७३ या काळात सरकारी अनुदानातून गाथेची छापील आवृत्ती निघाली, तीही वेगवेगळ्या हस्तलिखितांची तुलना करून. प्रती अनेक होत्या, म्हणूनच तुलना शक्य झाली.

वर्कस्टेशनपासून सर्व्हरपर्यंत बॅकअप चालतो कसा?

प्रत्येक कॉम्प्युटरवर एक छोटा प्रोग्रॅम बसवला जातो, त्याला ‘एजंट’ म्हणतात. ठरलेल्या वेळी तो ठरलेले फोल्डर तपासतो आणि त्यातले बदल बॅकअप सर्व्हरकडे जातात. पहिल्या वेळी सगळेच जाते, याला ‘फुल बॅकअप’ म्हणतात. त्यानंतर फक्त बदललेला भाग जातो, तो ‘इन्क्रिमेंटल’.

हा फरक किती मोठा आहे, ते हिशेबाने पाहू. वीस कॉम्प्युटर आहेत आणि प्रत्येकावर ५० जीबी कामाच्या फाइल आहेत असे धरू, म्हणजे एकूण एक टेराबाइट. गिगाबिट स्वीच आणि चांगली केबल असेल तर सेकंदाला सुमारे ११० एमबी जाऊ शकतात. पूर्ण बॅकअपला अडीच तास लागतील. पण ऑफिसमध्ये जुना १०० एमबीपीएसचा स्वीच असेल तर हेच काम २५ तासांवर जाते, म्हणजे रात्र पुरत नाही. अनेक ठिकाणी ‘बॅकअपमुळे नेट स्लो होते’ ही तक्रार येते आणि बॅकअप बंद केला जातो. दोष बऱ्याचदा त्या जुन्या स्वीचचा असतो.

रोज दोन टक्के माहिती बदलते असे धरले तर दुसऱ्या दिवसापासून फक्त २० जीबी पाठवायचे असतात. गिगाबिट लॅनवर हे तीन-चार मिनिटांचे काम आहे. ५० एमबीपीएस अपलोड असलेल्या इंटरनेटवरून बाहेर पाठवायचे तरी तासाभरात होते. पहिली पूर्ण प्रत मात्र त्याच इंटरनेटवरून पाठवायला जवळपास दोन दिवस लागतात. म्हणून ती हार्ड डिस्कवर घेऊन नेणे अनेकदा सोयीचे पडते.

जुन्या आवृत्त्या किती ठेवायच्या? त्यासाठी ‘आजोबा-वडील-मुलगा’ या नावाची पद्धत आहे. शेवटच्या सात दिवसांच्या रोजच्या प्रती, चार आठवड्यांच्या साप्ताहिक प्रती आणि बारा महिन्यांच्या मासिक प्रती ठेवायच्या. वरच्या उदाहरणात महिनाभराचे रोजचे बदल सगळे ठेवले तरी ६०० जीबी होतात. चार टेराबाइटची जागा अशा ऑफिसला सुरुवातीला पुरेशी ठरते.

एक काळजी महत्त्वाची. टॅली किंवा आउटलुकसारख्या प्रोग्रॅमची फाइल चालू असताना नुसती कॉपी केली तर ती अर्धवट उतरू शकते. विंडोजमध्ये त्यासाठी ‘व्हॉल्यूम शॅडो कॉपी’ ही सोय आहे. ती डिस्कचे एका क्षणाचे स्थिर चित्र घेते आणि प्रत त्या चित्रावरून काढली जाते. चांगली बॅकअप सॉफ्टवेअर ही सोय स्वतःहून वापरतात, साधी कॉपी-पेस्ट वापरत नाही. शिवाय टॅलीत स्वतःची बॅकअपची सोय आहे. दिवसाचे काम संपल्यावर तीही वापरलेली बरी.

सॉफ्टवेअरसाठी मोठा खर्च लागतोच असे नाही. ‘अरबॅकअप’ आणि ‘रेस्टिक’ ही मुक्त स्रोत सॉफ्टवेअर आहेत. ‘व्हीम’ कंपनीच्या विंडोज एजंटची मोफत आवृत्तीही मिळते. खर्च मुख्यतः डिस्कचा आणि ते बसवून, रोज लक्ष ठेवणाऱ्या माणसाच्या वेळेचा.

रॅन्समवेअर बॅकअपपर्यंत पोहोचतो कसा?

बहुतेक वेळा आपणच त्याला रस्ता करून देतो. ‘माय कॉम्प्युटर’मध्ये सर्व्हर ‘झेड ड्राइव्ह’ म्हणून दिसतो आणि त्या ड्राइव्हवर सगळ्यांना लिहिण्याची मुभा असते. कॉम्प्युटरवर शिरलेल्या व्हायरसला त्या वापरकर्त्याचे सगळे अधिकार मिळतात. वापरकर्ता जिथे लिहू शकतो, तिथे व्हायरसही लिहू शकतो. बॅकअपचा फोल्डर त्याच ड्राइव्हवर असेल तर तोही गेला.

यावर तीन उपाय आहेत. पहिला, बॅकअप सर्व्हरचे खाते आणि पासवर्ड वेगळे ठेवणे. ते कोणत्याही वर्कस्टेशनवर वापरायचे नाहीत, सेव्ह तर नाहीच नाही. दुसरा, शक्य असेल तिथे सर्व्हरने कॉम्प्युटरकडून फाइल ‘ओढून’ घेणे. कॉम्प्युटरने ढकलण्यापेक्षा हे सुरक्षित, कारण मग कॉम्प्युटरला सर्व्हरवरच्या जुन्या प्रती दिसतही नाहीत आणि पुसताही येत नाहीत. तिसरा, एक प्रत कायम तुटलेली ठेवणे. दोन बाहेरच्या हार्ड डिस्क घ्यायच्या, एक जोडलेली आणि दुसरी घरी किंवा बँकेच्या लॉकरमध्ये. दर आठवड्याला अदलाबदल. घानामध्ये लाइट गेल्यामुळे जे झाले, ते इथे ठरवून करायचे.

या डिस्कवरची माहिती पासवर्डने कुलूपबंद करायला विसरू नये. नाहीतर रिक्षात विसरलेली एक डिस्क म्हणजे ग्राहकाची सगळी ड्रॉइंग रस्त्यावर. आणि तो पासवर्ड एकाच माणसाच्या डोक्यात राहू नये. कागदावर लिहून, पाकिटात बंद करून मालकाच्या तिजोरीत ठेवावा.

सर्व्हरची जागाही पाहावी. जिन्याखाली, तळमजल्याच्या कोपऱ्यात, पाणी शिरू शकेल अशा ठिकाणी तो नसावा. यूपीएसशिवाय तर मुळीच नसावा.

बॅकअप होतो आहे, हे कशावरून?

३१ जानेवारी २०१७ रोजी ‘गिटलॅब’ या सॉफ्टवेअर कंपनीच्या एका अभियंत्याने रात्री उशिरा दुरुस्ती करताना चुकीच्या सर्व्हरवरची माहिती पुसली. सुमारे ३०० जीबी गेले. कंपनीकडे बॅकअपच्या पाच वेगवेगळ्या पद्धती होत्या. पाहायला गेले तर रोजचा बॅकअप सॉफ्टवेअरच्या आवृत्तीतल्या फरकामुळे होतच नव्हता. तो होत नसल्याच्या ईमेलही कोणापर्यंत पोहोचत नव्हत्या. नशिबाने सहा तासांपूर्वी कोणीतरी हाताने काढलेली एक प्रत मिळाली. कंपनीने हे सगळे लपवले नाही. उलट दुरुस्तीचे काम यूट्यूबवर थेट दाखवले आणि नंतर चुकांची सविस्तर माहिती प्रसिद्ध केली.

सॉफ्टवेअर बनवणाऱ्या कंपनीचे असे होऊ शकते, तर ‘हिरवा दिवा लागतो ना, मग होत असेल’ यावर लहान ऑफिसने विसंबून चालणार नाही. कसोटी एकच : जुनी फाइल परत आणून उघडून पाहणे. पंधरा दिवसांपूर्वीचे एखादे ड्रॉइंग निवडायचे, ते बॅकअपमधून दुसऱ्याच कॉम्प्युटरवर उतरवायचे आणि ज्याचे ते काम आहे त्याने पाहून सांगायचे की बरोबर आहे. ते उतरवायला किती वेळ लागला, हेही लिहून ठेवायचे.

त्यातूनच मालकाने ठरवायचे दोन आकडे मिळतात. एक, किती वेळचे काम गेले तर परवडेल? एक दिवसाचे परवडत असेल तर रोज रात्रीचा बॅकअप पुरे, नसेल तर दिवसातून दोन-तीनदा हवा. दोन, किती वेळात काम पुन्हा सुरू व्हायला हवे? उद्या सकाळी ग्राहकाची गाडी माल घ्यायला येणार असेल, तर ‘डेटा क्लाउडवर आहे, उतरायला दोन दिवस लागतील’ हे उत्तर उपयोगाचे नाही. हे दोन्ही निर्णय धंद्याचे आहेत, ते हार्डवेअरवाल्यावर सोडता येत नाहीत.

कायदा काय सांगतो?

कंपनी म्हणून नोंदणी असेल तर ऑगस्ट २०२२मध्ये सुधारलेल्या नियमांनुसार इलेक्ट्रॉनिक स्वरूपातील हिशेबाच्या वह्यांचा बॅकअप भारतातच असलेल्या सर्व्हरवर रोज ठेवणे बंधनकारक आहे. आधी तो ‘ठरावीक काळाने’ ठेवला तरी चालत असे. जीएसटी कायद्यानुसार हिशेब आणि नोंदी त्या वर्षाचे वार्षिक विवरणपत्र भरण्याच्या अंतिम मुदतीपासून ७२ महिने सांभाळाव्या लागतात. हा नियम एकट्या मालकाच्या फर्मलाही लागू आहे.

वाहन उद्योगाच्या पुरवठादारांवर ‘आयएटीएफ १६९४९’ या गुणवत्ता प्रमाणकाचीही जबाबदारी असते. त्यानुसार सुट्या भागाच्या मंजुरीची कागदपत्रे तो भाग उत्पादनात किंवा सुटा विकला जात असेपर्यंत आणि त्यानंतर आणखी एक कॅलेंडर वर्ष जपून ठेवायची असतात. गाडीचे एखादे मॉडेल दहा-पंधरा वर्षे चालते. त्या काळात ऑफिसचे कॉम्प्युटर दोन-तीनदा तरी बदलतात.

सायबर हल्ला झाल्यास केंद्र सरकारच्या ‘सर्ट-इन’ या यंत्रणेला सहा तासांच्या आत कळवावे, असे एप्रिल २०२२चे निर्देश आहेत. मदतीसाठी १९३० हा राष्ट्रीय हेल्पलाइन क्रमांकही आहे.

कर्मचाऱ्यांच्या खासगी फाइलचे काय?

ऑफिसच्या कॉम्प्युटरवर मुलांचे फोटो, आधार कार्डाची प्रत, गृहकर्जाची कागदपत्रे असतात. बॅकअप सुरू झाला की तीही सर्व्हरवर जातात आणि वर्षभर राहू शकतात. त्यामुळे कोणते फोल्डर बॅकअपमध्ये जाणार हे सर्वांना आधी सांगणे न्यायाचे आहे. उलट बाजूही तेवढीच महत्त्वाची. डेस्कटॉपवर ठेवलेली कामाची फाइल ठरलेल्या फोल्डरमध्ये नसेल तर ती बॅकअपमध्ये जाणारच नाही. ‘काम इथे ठेवा, खासगी तिथे ठेवा’ हे एकदा स्पष्ट झाले की दोन्ही प्रश्न सुटतात.

सुरुवात कुठून करायची?

गुरुवारच्या सुट्टीचा इथे उपयोग होऊ शकतो. त्या दिवशी मशीन बंद असतात आणि फाइल कोणी उघडलेल्या नसतात. फक्त त्याच दिवशी महावितरणची देखभालीची कामेही निघतात, त्यामुळे वीज बंदचा मेसेज आधी पाहून घ्यावा.

पहिल्या गुरुवारी फक्त यादी करा. कोणत्या कॉम्प्युटरवर काय आहे आणि त्यातले काय गेले तर धंदा थांबेल? यादी बहुधा वाटते त्यापेक्षा लहान निघते. सीएनसी मशीनच्या स्वतःच्या मेमरीतले प्रोग्रॅम आणि मालकाच्या लॅपटॉपवरची कोटेशन तिच्यात धरायला विसरू नका.

दुसऱ्या गुरुवारी त्या यादीतल्या फाइलची एक पूर्ण प्रत बाहेरच्या डिस्कवर घ्या, डिस्क काढा आणि ऑफिसबाहेर न्या. सर्व्हर, सॉफ्टवेअर, कोटेशन यांची वाट पाहू नका. या एका कामाने सर्वांत वाईट प्रसंगातून सावरण्याची सोय होते.

तिसऱ्या गुरुवारी मध्यवर्ती बॅकअप सर्व्हर, वेगळे खाते आणि रोजचे वेळापत्रक लावा. जबाबदारी एका व्यक्तीच्या नावावर लिहा आणि ती रजेवर असताना कोण पाहणार, तेही लिहा.

चौथ्या गुरुवारी एक फाइल परत आणून उघडा. उघडली नाही तर निराश होऊ नका. ती आज उघडली नाही हे कळले, यातच चाचणीचे काम झाले. कारण शोधा, दुरुस्त करा आणि पुढच्या गुरुवारी पुन्हा उघडून पाहा.